गुलमंडीचा विलायती किस्सा

गाणं ऐन रंगात आलं की चाचा पॉजचं बटण दाबायचे. कट्ट. आवाज जागच्या जागी थांबायचा. अंगठा बटणावर तसाच ठेवून चाचा समोरच्या माणसाकडं चष्म्याच्या वरून बघायचे आणि म्हणायचे, "रुको मियाँ. पहले आदमी समझो. गाना बाद में."

आता गिऱ्हाईक बिचारं कव्वालीची नाहीतर लग्नातल्या गाण्यांची कॅसेट घ्यायला आलेलं असायचं. त्याला कुठला आदमी समजून घ्यायचाय? पण गुलमंडीतल्या त्या बोळाएवढ्या दुकानात पाय टाकला की तुमची सुटका नव्हती. एका बाजूला कापडाचं दुकान, दुसऱ्या बाजूला टेलरमास्तर, आणि मधी चाचा. भिंतीला छतापर्यंत कॅसेटी. त्यातल्या बहुतेक कव्वाल्या, गझला, भक्तिगीतं, तमाशातली गाणी. विलायती कॅसेटींची एकच फळी होती, तीही चाचांच्या डोक्याच्या मागं. सगळा तमाशा चालायचा त्या एका फळीसाठी.

तो आदमी म्हणजे विलायतेतला एक रॉक गाणारा. त्याचं नाव मी सांगत नाही, कारण चाचांनी रंगवलेलं आयुष्य त्याला स्वतःला तरी ओळखू येईल का, याची मला शंका आहे. चाचा त्याला 'अपना गोरा' म्हणायचे. चाचांचंही नाव राहू द्या. तुमच्या गावात, तुमच्या पेठेत असा एखादा माणूस असेलच. ज्याच्या दुकानातून काही न घेता आपण तासभरानं बाहेर पडतो आणि तरी वेळ वाया गेला असं वाटत नाही, असा.

मी मूळचा वैजापूरकडचा. वाळूजच्या एका कंपनीत मेंटेनन्सला फिटर म्हणून लागलो, बजाजनगरात खोली घेतली, आणि सुट्टीच्या दिवशी शहरात येऊन भटकायला लागलो. मी तसा तोंडाळ माणूस. चाचांच्या दुकानात पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांच्या टेपमधून गाणं जरा रडत येत होतं. मी उभ्या उभ्या म्हणालो, "मशीनचा पट्टा सैल झालाय." चाचा म्हणाले, आप कौन? म्हटलं, फिटर. झालं. त्या दिवसापासून माझ्या आईबापानं ठेवलेलं नाव गुलमंडीत कुणाला माहीत नाही. पुढच्या सुट्टीला मी नवा पट्टा आणून बसवला, चाचांनी चहा सांगितला, आणि चहाबरोबर तो किस्सा माझ्या गळ्यात पडला.

किस्सा असा सुरू व्हायचा. विलायतेत एक गाव, तिथं कापडाच्या गिरण्या, धुरानं आभाळ काळं. गोऱ्याचा बाप गिरणीत कामाला. "और मिल में कपास किधर का?" चाचा विचारायचे, आणि बोट माझ्याकडं. "इनके वैजापूर का!" सगळे माझ्याकडं बघायचे, आणि मीही, खरं सांगतो, छाती जरा पुढं काढायचो. मग गोऱ्याची आई यायची. ती चर्चमध्ये गायची आणि सार्वजनिक नळावर भांडायची. विलायतेत सार्वजनिक नळ होते का, असं मी एकदा विचारलं. चाचा म्हणाले, जिथं गरिबी तिथं नळ, आणि जिथं नळ तिथं भांडण. पोराला गिरणीत घालायचं बापाच्या मनात, पोराच्या मनात गाणं. शाळेतले चार यार, कोळशाच्या वखारीमागं तालीम, उधारीची गिटार. मग पहिली रेकॉर्ड, मग गर्दी, मग जिवाभावाच्या गिटारवाल्याशी वाजलं आणि बँड फुटला. ती फाटाफूट चाचा अशी सांगायचे की कापडाच्या दुकानातले नोकर गिऱ्हाईक सोडून दारात येऊन उभे राहायचे. त्यातल्या दोघा सख्ख्या भावांची वाटणी नुकतीच झालेली होती. एकजण डोळे पुसताना मी स्वतः पाहिलाय.

हे सगळं त्यांनी जमवलं कुठून? थोडं कॅसेटीवरच्या फोटोंवरून, थोडं वेरूळ-अजिंठा बघायला आलेल्या परदेशी पोरांकडून, थोडं रद्दीतल्या मासिकांतून. बाकीचं घरचं. चाचांचे वडील शेरवानीचं हिमरू कापड विणायचे. मागावर बसलेल्या कारागिरांचा हात चालत राहावा म्हणून ते किस्से सांगत, आणि संध्याकाळी काम थांबवताना किस्सा नेमका अडचणीच्या जागी सोडून देत. म्हणजे दुसऱ्या दिवशी सगळे वेळेवर हजर. पुढं निजामाचं राज्य गेलं, शेरवानीची गिऱ्हाइकं गेली, माग मोडीत निघाला. चाचांच्या वाट्याला मागातलं काही आलं नाही, ही सवय तेवढी आली.

म्हणून त्यांचाही किस्सा अर्ध्यावरच थांबायचा. दरवेळी एकाच जागी. भलंमोठं मैदान, माणसंच माणसं, गोरा पांढऱ्या कपड्यात. गाणं चढत जातं, सगळ्यात उंच सूर येतो आणि तिथं त्याचा आवाज फाटतो. पुन्हा लावतो, पुन्हा फाटतो. गोरा माइक खाली ठेवतो, बाळाला ठेवावं तसा, आणि पाठ फिरवून चालू लागतो. इथं चाचा थांबायचे. सगळे एकदम म्हणायचे, "फिर?"

"फिर क्या. दुकान बंद करने का टाइम हो गया."

भर दुपार असली तरी हेच उत्तर.

एकदा एक खराखुरा साहेब आला. पिकल्या केसांचा, उंच, खांद्याला झोळी. बरोबर गाइड होता. चाचांना असं गिऱ्हाईक म्हणजे ईदच. त्यांनी गाइडला मधी घालून साहेबाला त्याच्याच देशातल्या माणसाचा किस्सा ऐकवायला घेतला. साहेब हसत ऐकत होता, पण बापाची गिरणी आली तेव्हा मान हलवायला लागला. गाइडनं सांगितलं, साहेब म्हणतायत की त्याचा बाप गिरणीत नव्हता, बसमध्ये कंडक्टर होता. चाचांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग गाइडला म्हणाले, साहेबांना विचार, ते काय त्याच्या मोहल्ल्यातले आहेत का? साहेब म्हणाला, नाही. "फिर?" असं म्हणून चाचांनी गिरणी पुढं चालू केली.

पण पुढच्या सुट्टीला मी गेलो तर किश्शात नवीनच भर. आता गिरणी बंद पडली होती आणि बाप बसमध्ये कंडक्टर झाला होता. पोरगा नाव कमावून गावी आलेला, मुद्दाम बापाच्या बसमध्ये चढतो. सगळी बस त्याला ओळखते. बाप जवळ येतो, पोराकडं बघतो, आणि काही न बोलता पुऱ्या पैशाचं तिकीट फाडून हातात देतो. पोरगा ते तिकीट जन्मभर पाकिटात ठेवतो. ऐकून टेलरमास्तरांची सुई थांबली. मी नंतर हळूच विचारलं, चाचा, हे साहेबानं सांगितलं? ते म्हणाले, साहेबानं कंडक्टर दिला, तिकीट मी दिलं. इतकं निवांतपणे म्हणाले की मलाच विचारल्याची लाज वाटली.

त्या विलायती फळीवर एकदम वरच्या कोपऱ्यात एक कॅसेट होती, वरचा कागदसुद्धा न फाडलेली. ती विकायची नाही, वाजवायची नाही. त्याच गोऱ्याची होती. आवाज गेल्यावर बऱ्याच वर्षांनी त्यानं पुन्हा गाऊन काढलेली. मुंबईहून आलेल्या मालात चुकून आली, तेव्हापासून तिथंच. मी एकदा हात घातला तर चाचा खेकसले. म्हणाले, त्यात तो नाही. म्हणजे कोण आहे मग? तर म्हणे त्याची सावली असेल, मला तिच्याशी काय करायचंय. माणसाला आपल्या लाडक्याचं पडणं बघवत नाही, हे मला कळतं. पण चाचांना त्याचं उठणंही बघायचं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं नाही.

मग चाचांचा स्वतःचा आवाज बसायला लागला. आधी वाटलं, विड्यांमुळं असेल. मग सर्दी, मग धूळ. किस्सा सांगताना ते मधीच पाणी प्यायला लागले, मग मैदानाच्या जागेपर्यंत पोचेनात. मी मशीन ऐकून बिघाड ओळखणारा माणूस. मला तो आवाज आवडेना. मी त्यांना ओढून दवाखान्यात नेलं. घशात गाठ निघाली, आणि ती साधी नव्हती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की ऑपरेशन केलं तर जीव वाचेल, पण स्वरयंत्र काढावं लागेल. आवाज कायमचा जाईल. आणि वेळ घालवू नका.

चाचा बाहेर येऊन बाकावर बसले. म्हणाले, नको.

मी म्हटलं, नको म्हणजे काय? तर म्हणाले, किस्सा सांगतो म्हणून मी आहे, नाहीतर कॅसेटी विकणारे शहरात लई आहेत. बंद तोंडानं दुकानात बसण्यापेक्षा बोलता बोलता गेलेलं बरं. आणि दुसऱ्या दिवसापासून काही झालंच नाही असं दाखवून, त्या फाटक्या आवाजात पुन्हा किस्सा सुरू. ऐकणाऱ्यांना ऐकवत नव्हतं, पण उठून जायची हिंमत कुणाला? मला तर इतका राग यायचा की दोनदा मी भांडून घरी आलो. बायको म्हणाली, तुमचं जेवण का जात नाही हो? मी म्हटलं, त्या म्हाताऱ्यापायी.

चाचींना मी फार ओळखत नव्हतो. घरी गेलो की पडद्याआडून चहा यायचा, एवढंच. पण त्या दिवसांत त्या स्वतः पडदा बाजूला सारून माझ्यासमोर येऊन बसल्या. म्हणाल्या, तुमचं ऐकतात, तुम्ही सांगा. मी म्हटलं, सांगून थकलो. तेव्हा त्यांनी आतल्या खोलीत पडलेल्या चाचांना ऐकू जाईल असं मोठ्यानं सांगितलं, "सारी जिंदगी लोगां कू बोले ना, पहले आदमी, गाना बाद में? मेरेकू आवाज नको. मेरेकू आदमी होना."

आतून खोकला तेवढा आला.

मला वाटलं, आता तरी हो म्हणतील. कसचं काय! सकाळी दुकान उघडून बसलेले. मी रजा टाकून गेलो होतो. गिऱ्हाईक नव्हतं. टेलरमास्तर उंबऱ्यावर बसून काजं करत होते. मी स्टूल ओढलं, वर चढलो, ती कोपऱ्यातली कॅसेट काढली आणि तिचा कागद फाडला.

चाचा उठून उभे राहिले. "रख. फिटर, वो रख."

मी म्हणालो, "चाचा, जन्मभर आम्हाला अर्ध्यात सोडलंत. आता स्वतःपण अर्ध्यात सोडून जाणार का? पुढं काय झालं ते ऐकायचंय मला." माझा आवाज चढला होता. टेपमध्ये कॅसेट घातली आणि बटण दाबलं.

आधी पियानो. मग तो आवाज आला. मी तो आधीच्या कॅसेटींवर इतक्यांदा ऐकला होता की घरच्यासारखा झाला होता. हा तो नव्हता. खाली बसलेला, खरखरीत, राखेनं तवा घासावा तसा. जिथं पूर्वी तो उंच जायचा तिथं आता जातच नव्हता. खालूनच वळून यायचा, कधी सूर सोडून नुसता बोलायचा. एका जागी तर दम लागलेला चक्क ऐकू आला. चाचांचा अंगठा पॉजच्या बटणावर होता. मी बघत होतो. आता दाबतील, आता दाबतील. टेलरमास्तरही बघत होते.

त्यांनी दाबलं नाही. एक बाजू पूर्ण झाली आणि बटण आपोआप वर आलं. चाचांनी अंगठा बटणावरून काढला. मग म्हणाले, "खराब गाया."

मास्तरांनी काजाचा दोरा तोडला.

"बहुत खराब गाया." मग टोपी काढून डोक्यावरून हात फिरवला, टोपी परत घातली. "पर दुकान खोला ना उसने."

आणि उठून शटर ओढायला लागले. सकाळचे अकराही वाजले नसतील. मी विचारलं, कुठं निघालात? म्हणाले, डॉक्टरकडं. चल.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी मी वॉर्डात होतो. मला वाटलं होतं, शेवटचा म्हणून ते किस्सा सांगतील. शेजारच्या खाटेवरचे दोघंतिघं तयारही होते, मीच त्यांना आशा लावून ठेवली होती. चाचांनी कुणालाही काही सांगितलं नाही. चाची डबा घेऊन आल्या, खाटेजवळ बसल्या. चाचांनी त्यांच्याकडं बघितलं आणि त्यांना नावानं हाक मारली. एवढ्या वर्षांत मी ते नाव ऐकलं नव्हतं. जुन्या घरांतली रीत आपल्याला माहीत आहे, नवरा बायकोचं नाव घेत नाही, बायको नवऱ्याचं. चाची चपापल्या. इकडं तिकडं बघितलं. मग पदर ओढून घेत म्हणाल्या, "हौ." चाचांनी परत हाक मारली. मी उठून बाहेर आलो आणि व्हरांड्यातल्या नळाखाली तोंड धुतलं. त्या माणसानं आपला उरलेला आवाज कुठं खर्च केला, ते मी पाहिलं. मला अजून त्याचा हेवा वाटतो.

मग काही महिने दुकान बंद होतं. आणि एक दिवस टेलरमास्तरांनी कंपनीच्या गेटवर फोन केला. म्हणाले, फिटर, शटर वर आहे.

मी धावलो. चाचा गादीवर बसलेले, वाळलेले, गळ्याभोवती पातळ मलमलचं फडकं. कापडाच्या दुकानातले नोकर, मास्तर, जुने ऐकणारे सगळे दारात जमलेले. चाचांनी मला खुणेनं आत बोलावलं, गादीवर स्वतःच्या जागी बसवलं आणि आपण बाजूच्या स्टुलावर बसले. गोऱ्याचं गाणं लावलं. रंगात आलं, आणि कट्ट. अंगठा बटणावर. चष्म्याच्या वरून माझ्याकडं बघितलं.

आता किस्सा मला सांगायचा होता.

मी सुरू केलं. धूर, गिरणी, कापूस. मराठीत सांगितलं, मला त्यांची ती भाषा कुठली येणार? नळावरचं भांडण मी विसरलो तर चाचांनी गाणं दोनदा चालू करून दोनदा बंद केलं. चुकलास, मागं जा. सगळे हसले, आणि त्या हसण्यानं दुकान पुन्हा दुकान झालं. मी तिकीट सांगितलं, बँडची फाटाफूट सांगितली, मैदान सांगितलं. आवाज फाटला, माइक खाली ठेवला. "फिर?" सगळे म्हणाले. मी रिवाजाप्रमाणं म्हणालो, दुकान बंद करायची वेळ झाली.

चाचांनी मान हलवली. नाही. त्यांनी ती फाटक्या कागदाची कॅसेट काढून टेपमध्ये घातली, मला दाखवली, आणि हातानं खूण केली. पुढं चल.

पुढं मला काय ठाऊक? पण मी बोलायला लागलो. सांगितलं की गोरा घरी गेला आणि कुणाशी बोलेना. त्याच्या बायकोनं त्याला गाणं म्हण असं कधी म्हटलं नाही, वेळेवर जेवायला तेवढं वाढलं. सांगितलं की तो पाकिटातलं ते तिकीट काढून बघायचा आणि आपला बाप रोज सकाळी उठून बसवर कसा जायचा हे आठवायचा. चाचांनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की मला कळलं, साहेबाच्या कंडक्टरला तिकीट देणारा आता मी झालो होतो. बटण दाबून त्यांनी तो खरखरीत आवाज दुकानात सोडला. पॉज केला नाही.

त्यानंतर चाचा बरीच वर्षं जगले, आणि चांगले जगले. अंगठ्यानं भांडायचे, अंगठ्यानं वाहवा द्यायचे. कॅसेटी गेल्या, सीड्या आल्या, त्याही गेल्या, आणि चाचा त्याच टेपपाशी बसून राहिले. माझी रिटायरमेंट झाल्यावर तर मी आठवड्यातून तीनतीनदा जायला लागलो. गेले तेव्हा ते त्या दुखण्यानं गेले नाहीत. दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. चाची शेजारी बसून तांदूळ निवडत होत्या.

मी जनाज्याला खांदा दिला. दफन करून आम्ही जुने लोक चालत चालत, न ठरवता, गुलमंडीत आलो. दुकानाचं शटर बंद. बाजार चालू होता, रिक्षा हॉर्न वाजवत होत्या. आम्ही पायरीवर उभे. मास्तर म्हणाले, फिटर, कर सुरू.

मला होईना. तरी केलं. टेप नव्हता, गाणं नव्हतं. मागं नुसतं शटर. धूर, गिरणी, वैजापूरचा कापूस. नळावरचं भांडण विसरलो नाही. येणारेजाणारे दोनचार जण थांबले, त्यांना वाटलं असेल कुणाचं काय हरवलंय. मैदान आलं, पांढरे कपडे आले, सूर वर चढला आणि फाटला. गोऱ्यानं माइक खाली ठेवला, बाळाला ठेवावं तसा, आणि पाठ फिरवून चालू लागला. तिथं मी थांबलो.

मास्तर जवळ सरकले. मग हळूच म्हणाले, "फिर?"

मी शटरला टेकलो.

"फिर क्या," मी म्हणालो. "एक दिन उसने दुकान खोला."